धाबळीची दशी

सासूबाईंच्या धाबळीची एक दशी मी चोरली, आणि तीही गृहपाठासाठी.

बावन्नाव्या वर्षी माझ्यावर गृहपाठाची वेळ आली ती डॉक्टरांमुळे. बीपी वाढलं होतं. गोळी लिहून देता देता ते म्हणाले, "डोकं दुसरीकडे कुठेतरी गुंतवा, हातांना काहीतरी काम द्या." माझं डोकं कुठेही गुंतवलं तरी ते काळजीतच गुंततं, हे त्यांना कोण सांगणार? बेळ्ळंदूरमधल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांनी केलेल्या कामात काय काय बिघडू शकेल याची आधीच कल्पना करत बसायचं, याचाच मला पगार मिळतो. ऑफिस सुटलं तरी ती सवय सुटत नाही. लिफ्ट तळमजल्यावर पोचली की मला गॅस आठवतो आणि मी पुन्हा नवव्या मजल्यावर येते. गॅस बंदच असतो. आजवर एकदाही तो चालू सापडलेला नाही, पण म्हणून पुढच्या वेळीही नसेलच याची खात्री कोण देणार?

तर इंदिरानगरात दर शनिवारी सकाळी भरणाऱ्या विणकामाच्या वर्गात मी नाव घातलं. आम्ही पाचजणी होतो. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, बॉबकट केलेल्या, पूर्वी कुठल्याशा कापडाच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेल्या. इंग्रजीत सुरू केलेलं वाक्य त्या कन्नडमधून वळवून हिंदीत संपवायच्या. पहिले दोन शनिवार त्यांनी आमच्या हातात सुया दिल्याच नाहीत. टेबलावर कापडी पिशव्या मांडल्या होत्या, प्रत्येकीत एकेक गुंडी. आत हात घालायचा, बघायचं नाही आणि आत काय आहे ते सांगायचं.

मी सगळ्यांत मऊ, सगळ्यांत गुळगुळीत लागली ती गुंडी उत्तम लोकर म्हणून जाहीर केली. बाईंनी ती पिशवीतून बाहेर काढली. पोपटी रंगाचं अ‍ॅक्रिलिक होतं.

"ही लोकर नाही. ही प्लॅस्टिकची चुलत बहीण," बाई म्हणाल्या. "वाईट वाटून घेऊ नका, सगळेच फसतात."

मला वाईट नाही, विचित्र वाटलं. आमच्या चिकोडीकडे दुकानात टांगलेल्या सगळ्या रंगीत गुंड्यांना लोकरच म्हणायचे. शाळेत मी जो लोकरीचा स्वेटर घालायचे तो डोक्यातून काढताना चटचट आवाज यायचा आणि केस उभे राहायचे. तोही बहुधा या चुलत बहिणीचाच. म्हणजे लहानपणापासून मी जिला लोकर समजत होते तिच्याशी माझी ओळखच झालेली नव्हती.

मग बाईंनी एकेक ओळख करून दिली. मेरिनोचा धागा ताणून सोडला की मुकाट्यानं आपल्या जागी परत येतो. मोहेर म्हणजे एका जातीच्या बकरीचे केस, त्याला चकाकी असते आणि त्याची लव सगळ्या कपड्यांना चिकटते. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर टोचते, धागा कुठे जाड कुठे बारीक, पण वर्षानुवर्षं हू की चू करत नाही. खऱ्या लोकरीची दोन टोकं ओली करून तळहातांत चोळली की गाठ न मारता एकमेकांत मुरतात. बाई म्हणाल्या, टोकं तोंडात धरून थुंकीनं ओली करा, पाण्यापेक्षा पटकन जमतं. बाकी चौघींनी केलं. माझा हात तोंडापर्यंत गेला आणि तिथेच थांबला, कारण उष्ट्या धाग्याचा स्वेटर माझ्या सासूबाई घराचा उंबरा ओलांडून आत येऊ देणार नाहीत. मी पाण्याची बाटली काढली.

शेवटची परीक्षा जाळण्याची. स्टीलच्या ताटलीवर चिमट्यात धागा धरून बाईंनी काडी लावली. लोकर ज्योतीपासून अंग आखडून घेते, रडतरखडत जळते, काडी बाजूला केली की आपणहून विझते. वास जळक्या केसांचा. मागे राहते ती राख बोटांत चुरता येते. अ‍ॅक्रिलिक भसकन पेटतं, वितळतं, थेंब थेंब गळतं आणि थंड झालं की त्याची काळी टणक गोळी होते, जी नखानं फुटत नाही. "घरात ज्याला ज्याला तुम्ही लोकर म्हणता त्याचा बोटभर धागा असा जाळून बघा आणि वहीत लिहून आणा," बाई म्हणाल्या. हाच तो गृहपाठ.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी सासूबाई आडव्या झाल्यावर मी स्वयंपाकघरात प्रयोगशाळा मांडली. नवऱ्याचा मफलर: गोळी. माझा निळा कार्डिगन: थोडी राख, थोडी गोळी, म्हणजे मिश्र. सत्कारात मिळालेली शाल: नुसतीच गोळी. माहेरचं घोंगडं: राख, आणि सगळ्या घरभर जळक्या केसांचा वास. वहीत पाच ओळी आखल्या होत्या आणि एक रिकामी राहिली होती. तेव्हा मला धाबळी आठवली.

धाबळी म्हणजे सोवळ्यात नेसायचं लोकरीचं वस्त्र. सुती कपडा सोवळ्यात चालायचा तर तो रोज धुवायचा, कुणाचा हात लागणार नाही असा वाळवायचा. लोकरीला हे काही लागत नाही, तिला विटाळ बाधत नाही. माझ्या सासरचं घराणं सतराव्या शतकात मराठी फौजेबरोबर इकडे कन्नड मुलखात आलं आणि इथलंच झालं. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असतं, सोवळ्याला ते मडी म्हणतात. शहाहत्तर वर्षांच्या सासूबाई रोज सकाळी आंघोळ करून धाबळी नेसतात, पूजा करतात आणि तीच नेसून नैवेद्याचा भातही शिजवतात. पूजा झाली की धाबळी देवघरातल्या उंच काठीवर जाते.

मी स्टुलावर चढले आणि पदराकडची एक दशी तोडली. इतक्या वर्षांच्या सोवळ्याला एका दशीनं काय फरक पडणार, असं म्हणत ती ज्योतीवर धरली. ती भसकन पेटली. एक थेंब ताटलीत पडला आणि बघता बघता त्याची काळी गोळी झाली.

आधी वाटलं, चिमट्याला मघाची शाल चिकटली असेल. चिमटा घासून धुतला. दुसरी दशी जाळली, मग तिसरी. ताटलीत तीन गोळ्या झाल्या.

ती धाबळी मीच आणली होती. तीन वर्षांपूर्वी, सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी, सासूबाईंची जुनी धाबळी उलगडली तर तिला कसर लागून चाळण झालेली. सासूबाईंनी ती हातात धरून एकेक भोक बोटानं चाचपलं, तेच मला जास्त लागलं. ऑफिसच्या दोन बैठकांच्या मधल्या वेळात मी रिक्षा करून पेठेत गेले. पूजेचं सामान आणि शाली विकणाऱ्या एका दुकानात विचारलं, लोकरीचीच आहे ना? दुकानदार म्हणाला, प्युअर वुलन. पाच मिनिटांत बाहेर. परतताना रिक्षात कोपऱ्याला शिवलेली एक पांढरी पट्टी दिसली. सासूबाईंना पट्ट्या टोचतात, म्हणून पर्समधल्या नेलकटरनं मी ती कापली आणि रिक्षाबाहेर टाकली.

ती पट्टी मी वाचली होती का? रविवारी दुपारी ओट्याशी उभी राहून मी जीव तोडून आठवत होते. पट्टीवरचं धुण्याच्या टबाचं चित्र आठवतं. अक्षरं आठवत नाहीत. वाचली नसेन तर मी निष्काळजी. वाचली असेन आणि वेळ नाही म्हणून फेकली असेन, तर मग मी कोण? चुका शोधून पोट भरणाऱ्या बाईला यांतलं काय खरं ते आजही ठरवता येत नाही.

पुढे तीन वर्षं सासूबाई या धाबळीचं कौतुक करत आल्या. हिला एक भोक नाही, कसर फिरकत नाही, सून शोधून आणते तर अशी, असं त्या शेजारणींना सांगायच्या. आता कळत होतं की कसर शहाणी होती, प्लॅस्टिक खात नव्हती.

पण श्राद्ध, सोवळं, हे सगळं मला नंतर सुचलं. पहिल्यांदा डोळ्यांपुढे आलं ते देवघर. दोन्ही बाजूंना समया, मध्ये निरांजन, शेवटी ताम्हनात कापूर. सासूबाईंचा डावा हात थोडा थरथरतो. धाबळीचा पदर खांद्यावरून सुटतो आणि त्या कोपरानं तो मागे सारतात. त्याआधी तोच पदर घेऊन गॅसपाशी. तीन वर्षं रोज सकाळी त्या भसकन पेटणारं, वितळून कातडीला चिकटणारं वस्त्र नेसून आगीपाशी बसत होत्या, आणि ते मी नेसवलं होतं.

नवरा होसकोटेच्या एका कारखान्यात आहे. त्या रविवारी त्याची पाळी होती. संध्याकाळी तो आल्यावर मी ताटली त्याच्यापुढे ठेवली. त्यानं गोळी दाबून बघितली, दाताखालीही घेणार होता, मी हात धरला.

"आईला सांगू नकोस," तो म्हणाला.

"पेटलं म्हणजे?"

"आणि उपास धरला म्हणजे?"

त्याला काय म्हणायचं होतं ते मला समजलं. काही वर्षांपूर्वी एका लग्नात सासूबाईंनी चुकून अंडं घातलेल्या केकचा तुकडा खाल्ला होता. कळल्यावर त्यांनी दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही. मधुमेहाची गोळी मात्र नेमानं घेतली, कारण औषधाला उपास नसतो. दुसऱ्या दिवशी साखर उतरून त्या न्हाणीघरात पडल्या आणि कपाळाला चार टाके पडले. एका केकच्या तुकड्याला दोन दिवस. मग तीन वर्षांच्या पूजेला आणि नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला किती?

सांगावं तर उपास, न सांगावं तर आग. आम्ही ठरवलं की खरी लोकरीची धाबळी गुपचूप आणायची, ही गुपचूप पळवायची आणि तोंडाला कुलूप लावायचं. ठरवलं म्हणजे तो म्हणाला आणि मी मान हलवली. आणि खरं सांगायचं तर साखरेची भीती होतीच, पण सून शोधून आणते तर अशी, हे वाक्य पुन्हा कधी ऐकायला मिळणार नाही याचीही होती.

त्याच रात्री चिकोडीला भावाला फोन केला. आमच्या तिकडे धनगरांची घरं आहेत, मागावर घोंगडी विणतात. भावानं विणणाऱ्यांच्या घरातल्या बाईंकडे दुसऱ्या दिवशी फोन दिला. त्यांनी मला शनिवारच्या वर्गापेक्षा जास्त शिकवलं. मोठ्या मेंढीची लोकर राठ, अंथरायला बरी. कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर ती जावळाची, ती अंगाला लावायला. काळी ती जन्मतःच काळी, रंग दिलेला नाही. सूत हातानं काढलेलं, म्हणून सारखं नसणार, तक्रार करायची नाही.

"मऊ पायजे का टिकाऊ?" त्यांनी विचारलं.

"पेट न घेणारी पाहिजे," मी म्हणाले.

"बाई, लोकर हाय ही," एवढंच त्या म्हणाल्या.

जावळाची तयार धाबळी नव्हती. मागावर एक होती, ती आठवड्याभरात उतरणार होती. मागावरून उतरलं की कापडाला चिंचोक्याची खळ लावतात, हे ऐकल्यावर मला नवीनच काळजी लागली, की खळ शिजवलेली म्हणजे खरकटी होते की काय. भाऊ म्हणाला, तू आता फोन ठेव.

ते दिवस मी डोळ्यांत तेल घालून पहारा केला. सोमवारी सकाळी देवघराच्या दाराशी पाण्यानं भरलेली बादली ठेवली.

"ही बादली काय म्हणून इथं?" सासूबाईंनी विचारलं.

"टँकर आला नाही तर असावी, आत्ती."

"टँकर देवघरात येतो काय?"

मंगळवारी मी विजेवर चालणारी समई आणली. त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली, हिला वात कुठं म्हणाल्या, आणि "साकु," म्हणजे पुरे, "काढ ते," म्हणून परत दिली. मग मी रोज त्यांच्या आंघोळीच्या वेळेत दोन्ही समया चार बोटं लांब सरकवू लागले. त्या रोज पूजेला बसल्या की चार बोटं जवळ ओढायच्या. कापराची डबी मी डाळीच्या डब्यामागे लपवली, तर त्यांनी शेजारून मागून आणला. सकाळची ऑफिसची बैठक मी फोनवर देवघराबाहेर उभी राहून ऐकायचे. एकदा आवाज बंद करायचा राहिला आणि सगळ्या टीमनं आरतीची घंटा ऐकली.

"तू काय गं रोज दारात उभी?" सासूबाई एकदा म्हणाल्या. "ऑफिस नाही काय?"

"आरती ऐकते, आत्ती."

त्यांना बरं वाटलं. खूप बरं वाटलं, ते तोंडावर दिसलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आरती जरा मोठ्यानं म्हटली.

शनिवारी वर्गात मी वही आणि गोळ्या दाखवल्या. बाईंनी धाबळीची गोळी दोन नखांत धरून दाबली. "शंभर टक्के अ‍ॅक्रिलिक," त्या म्हणाल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हे घालून कुणी दिव्याजवळ बसत नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. घरी खोटं बोलायला कारण तरी होतं. इथे का बोलले ते मला कळलं नाही. त्या दिवशी बाईंनी सुलट टाका शिकवला आणि माझे टाके इतके घट्ट आले की सुई त्यांतून बाहेर निघेना.

पार्सल बुधवारी आलं. पोतं उसवलं तशी आत काळी, जड, मेंढीचा वास मारणारी धाबळी. मी दार लावून एक दशी जाळली. ती आखडली, विझली, केसांचा वास आला, राख बोटांत चुरली. मी पुन्हा एकदा जाळून बघितलं. त्या चिमूटभर राखेकडे बघून मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं.

संध्याकाळी धाबळी सासूबाईंपुढे ठेवली. माहेरहून भेट आली आहे, असं सांगितलं. त्यांनी तळहात फिरवला, तळहात नाकाशी नेला.

"चांगली आहे. खरी वुलन. पण टोचते स्वल्प. हिवाळ्याला ठेव."

"उद्यापासूनच नेसा ना, आत्ती. जुनी झाली ती."

"जुनी कुठं? तीन वर्षांत एक भोक नाही. तू आणलेली आहे ती." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून त्या दूरदर्शनसमोर जाऊन बसल्या.

रात्रीतून जुनी धाबळी पळवायची असं नवरा म्हणाला. मी म्हणाले, सकाळी त्या घर डोक्यावर घेतील. तो म्हणाला, मग उद्या संध्याकाळी बघू. उद्या संध्याकाळी म्हणजे आणखी एक सकाळ, हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं होतं, तरी त्यानं दिवा मालवला.

गुरुवारी सकाळी मी दारात उभी होते, अंगावर कालचाच कुर्ता, आंघोळ व्हायची होती. सासूबाईंनी कापूर पेटवला. ताम्हन उजव्या हातात, घंटा डाव्या हातात. डावा हात थरथरला, पदर खांद्यावरून सुटला आणि ताम्हनाच्या काठावरून खाली आला. ज्योतीला लागला नाही. वीतभर अंतर असेल, कदाचित जास्तही. माझं डोकं नेहमीच कमी मोजतं. मी आत घुसले, पदर मुठीत धरला आणि त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. घंटा खाली पडली.

सासूबाईंनी ताम्हन आधी नीट खाली ठेवलं. मग माझ्या हाताकडे बघितलं, जो अजून त्यांच्या दंडावर होता.

"शिवलीस मला," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आंघोळ नाही, काही नाही. मडी मोडलीस. काय झालं तुला?"

मग मी सांगितलं. मुद्देसूद सांगणं माझं रोजचं काम आहे, पण त्या दिवशी दशी, पट्टी, गोळी, रिक्षा, दुकानदार असं सगळं एकमेकांत गुंतून बाहेर पडलं. सासूबाई पाटावर बसून ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "दाखव."

ओट्याशी त्यांच्यासमोर मी दोन्ही धाबळ्यांची एकेक दशी जाळली. त्यांनी वाकून वास घेतला. गोळी बोटावर घेतली, राख बोटावर घेतली. पन्नास वर्षं लोकर नेसलेल्या बाईला आणखी काही समजावून द्यावं लागलं नाही.

"वर्षश्राद्धाला हीच होती," त्या म्हणाल्या.

"हो."

मी त्यांचे हात धरले, आता शिवायचं काही उरलंच नव्हतं. "आत्ती, उपास करू नका. पाया पडते. साखर उतरेल. दोष माझा आहे."

"उपास कशाला?" त्या म्हणाल्या. "मी लोकर म्हणून नेसले. मनात लोकर होती. देव काय दुकानाची पट्टी वाचत बसतो?" आणि खोलीत जाऊन साडी नेसून आल्या, धाबळीची घडी माझ्या हातात दिली. "ही बाहेर टाक. नाष्ट्याला काय आहे?"

अकरा दिवसांचं ओझं एकदम उतरलं. मी हसले की रडले ते माहीत नाही. उप्पीट गरम केलं, त्यांची गोळी काढून ताटलीशी ठेवली. त्या शांतपणे खात होत्या. अर्धं झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"मागच्या रविवारी." मग मला खरं बोलणं भाग पडलं. "नाही, त्याच्या आधीच्या."

त्यांनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत मोजलं. सोमवार, मंगळवार. पुढच्या पेरावर, त्याच्या पुढच्या. ओठ हलत होते.

"अकरा," त्या म्हणाल्या. "अकरा दिवस मी कापूर पेटवला आणि तू दारात उभी राहून बघितलंस."

"तुमच्या काळजीनंच उभी होते, आत्ती."

"मी समजले आरतीला उभी आहेस."

त्यांनी उप्पीट संपवलं, गोळी घेतली, पाणी प्यायलं. मग म्हणाल्या, "भाजणार होते ती मी. घाबरायचं की नाही, उपास करायचा की नाही, ते मी बघितलं असतं. तू माझ्यासाठी का ठरवलंस?" हे त्या रागानं नाही म्हणाल्या, त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मग त्यांनी ताटली उचलून स्वतः धुतली.

शुक्रवारी सकाळी त्यांनी चिकोडीची काळी धाबळी नेसली. टोचत असणार, मानेपाशी त्या सारख्या बोट घालत होत्या. समया त्यांनी स्वतःच वीतभर लांब सरकवल्या. मी आंघोळ करून, केस बांधून नेहमीच्या जागी दाराशी येऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ओळखीच्या पाहुण्याकडे बघतात तसं, आणि देवघराचं दार लोटून आतून कडी लावली. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या दाराला कडी आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

आत घंटा वाजली. लोकर पेट घेत नाही, हे मला आता पाठ झालं होतं. तरी मी तिथेच उभी राहिले, हुंगत, आरती ऐकू येते का बघत. त्या ती मनातल्या मनात म्हणत होत्या.